दोन धुरे

माझे यजमान पटवारी होते. नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्याकडे तेव्हा रीत नव्हती. मी त्यांना जन्मभर 'हे' म्हणत आले आणि इथेही तसंच लिहिणार आहे. हिंगणीच्या आसपासच्या चार गावांचं दप्तर यांच्याकडे होतं. कोणत्या शेतात काय पेरलं, कोणाचा धुरा, म्हणजे बांध, कुठे संपतो, कोणती विहीर कोणाच्या हिश्श्यात, हे सगळं लाल कापडात बांधलेल्या त्या गाठोड्यात असे. खरं म्हणजे त्याहून जास्त ते यांच्या डोक्यात असे. शेताचा नंबर सांगितला की डोळे मिटून त्याच्या चारही बाजूंचे शेजारी सांगत. मी नवी नवरी होते तेव्हा करमणूक म्हणून नंबर विचारायची. एकदाही चुकले नाहीत.

नकाशा काढायला बसले की घरात कोणी बोलायचं नाही. बारीक टाकाने, श्वास रोखून, धुऱ्याची रेघ ओढत. मी वर्ध्याच्या मुलींच्या शाळेत सातवी पास झालेली. त्याचं यांना कौतुक होतं. पाहुण्यांसमोर सांगत, "आमच्या घरात मुन्शी दोन हायेत."

लग्नाच्या तिसऱ्या हिवाळ्यात यांचा डावा डोळा धुरकटला. डोळा हलवला की आत दुखे. कंदिलाच्या काचेवर काजळी धरावी तसं दिसतं, म्हणाले. मला एकच गोष्ट विचित्र वाटली. दप्तराचं लाल कापड त्या डोळ्याने विटल्यासारखं दिसे. उजवा झाकून पाहत आणि म्हणत, "हे गुलाबी काऊन दिसून राह्यलं?" सेलूच्या वैद्याने थेंब दिले. तीन आठवड्यांत डोळा सुधारला. आम्ही वैद्याला नारळ दिला आणि विसरून गेलो. मुलगी तेव्हा पोटात होती, विसरायला कारणं पुष्कळ होती.

मुलगी दोन वर्षांची झाली तेव्हा पुढचं सुरू झालं. जेवायला बसले होते. मी उजव्या बाजूला वरणाची वाटी ठेवली. यांनी हात पुढे केला आणि बोटं जमिनीवर टेकली.

"दोन वाट्या काऊन ठेवल्या?"

"एकच तं हाय."

यांनी मान फिरवून वाटीकडे समोरून पाहिलं. मग वाटी जवळ ओढून जेवले. जेवण झाल्यावर मी यांना दारात उजेडाला बसवलं आणि म्हटलं, मान हलवू नका, फक्त डोळ्यांनी उजवीकडे पाहा. उजवा डोळा कोपऱ्यात गेला आणि तिथे थरथरायला लागला, गळाला लागलेली मासोळी झटके देते तसा. डावा डोळा मध्येच थांबला. नाकाकडे यायलाच तयार नव्हता. असं मी कधी पाहिलं नव्हतं. मुलगी माझ्या खांद्यावरून पाहत होती. तिला गंमत वाटली. टाळ्या वाजवून म्हणाली, "बाबा, डोये नाचवा. अजून नाचवा."

यांनी तिच्यासाठी पुन्हा नाचवले. मी उठून चुलीकडे गेले.

तेव्हापासून नकाशा काढताना हे एका डोळ्यावर रुमाल बांधू लागले. कोणी आलं की रुमाल काढून खिशात. मला सांगून ठेवलं होतं, कोणापाशी बोलू नको. डोळ्याने अधू पटवाऱ्याला कोण ठेवणार? मीही बोलले नाही. पण एका माणसाला न सांगता कळलं होतं. तो गावचा कोतवाल. यांच्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा, मोजणीची साखळी उचलून वर्षानुवर्षं यांच्यासोबत शेतं तुडवलेला. एक दिवस हे झोपले असताना तो मागच्या दाराशी आला.

"बाई, साहेबाच्या उजव्या अंगानं मी चालून राह्यलो आता. तिकडचं त्यायले दुहेरी दिसते. तुमी काळजी नका करू. पन उनात पाठवू नका त्यायले. ऊन चढलं का त्यायले काईच दिसत नाई. सावलीत बसवलं, डोक्शावर पानी घातलं, का येते परत."

हे मला ठाऊक नव्हतं. घरी येईपर्यंत हे सावरलेले असत. डोळे उन्हाने जातात आणि पाण्याने परत येतात, असला कुठला आजार? मी त्या दिवशी कोतवालाला गुळपाणी दिलं. ते त्याने अंगणात, पायरीच्या खाली बसून घेतलं. इतकी वर्षं तो घरी येत होता, पण वर ओसरीवर कधी बसला नव्हता आणि मी कधी बस म्हटलं नव्हतं.

पुढच्या चैत्रात ते घडलं. दोन चुलतभावांचा धुऱ्यावरून वाद होता. शेतं मोकळी झाली की मोजणी होते, म्हणजे नेमकी उन्हातच. त्या दिवशी कोतवाल लेकीच्या सासरी गेला होता. यांनी थांबायला हवं होतं. थांबले नाहीत. दुसरी दोन माणसं साखळी धरायला घेऊन गेले, भर दुपारी हद्दीचा गोटा रोवून आले आणि आल्याबरोबर माठाशी बसून डोक्यावर पाणी ओतून घेऊ लागले. मी काही विचारलं नाही. विचारलं असतं तरी काय केलं असतं?

चौथ्या दिवशी त्यातला थोरला चुलतभाऊ अंगणात येऊन उभा राहिला. त्याच्या शेताचा चांगला बैलगाडीभर रुंदीचा पट्टा पलीकडे गेला होता. आवाज चढवून बोलला. "तुमच्या बापाच्या वेळेपासून तुमच्या घरावर भरवसा होता आमचा. किती घेतले त्याच्यापासून, सांगून टाका. माह्या वावरातून तुमी सरळ रेघ मारली. दिसत नवता का तुमाले जुना धुरा?"

हे ओसरीवर बसले होते. एक शब्द बोलले नाहीत. त्याच्याकडे पाहत राहिले, चेहऱ्यावर जवळपास हसू. तो आणखी चिडला, थुंकला आणि निघून गेला. मला वाटलं, यांनी अपमान गिळला. मोठ्या मनाचे आहेत. मी जवळ जाऊन बसले आणि म्हटलं, "तुमी काईच काऊन नाई बोलले जी?"

बराच वेळ गेला. मग यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "बापाच्या वेळेपासून काय म्हने तो?"

मला आधी कळलंच नाही. मग लख्ख कळलं. तो माणूस येऊन, सगळं बोलून, फाटक आपटून गेला होता, आणि हे अजून त्याच्या पहिल्या वाक्यापाशी होते. त्यांनी अपमान गिळला नव्हता. तो त्यांच्यापर्यंत पोचलाच नव्हता. इतके दिवस मी डोळ्यांकडे बघत होते. त्या संध्याकाळी, नव्या नवरीसारखं, मी सहज एका शेताचा नंबर सांगितला. यांनी डोळे मिटले. एक शेजारी सांगितला. दुसरा सांगितला. मग पुन्हा पहिलाच सांगितला. "झालं ना?" म्हणाले.

"झालं," मी म्हटलं.

सेलूहून साहेब येऊन फेरमोजणी झाली, गोटा हलवला. यांना ताकीद मिळाली. लाच घेतल्याचं सिद्ध झालं नाही, पण गावात जे ठरायचं ते ठरलं. मला विहिरीवर बाया विचारत, "पटवारीनबाई, नवं लुगडं घेतलं का?" माझं लुगडं दोन दिवाळ्यांपूर्वीचं होतं. खरं कारण सांगितलं असतं तर नोकरी गेली असती. न सांगितल्याने अब्रू जात होती. मी नोकरी राखली.

त्यानंतर यांचं काम मी करू लागले. सुरुवात एका पानापासून झाली. यांच्या अक्षरात 'श' जरा लांब शेपटीचा होता, तो मला साधायला आठ दिवस लागले. आधी हे शेजारी बसून सांगत आणि मी लिही. मग सांगता सांगता थांबू लागले. मी म्हणे, "पुढं?" तर म्हणत, "थांब जरा, येते." कधी ते यायचं. कधी मी वाट पाहत टाक हातात धरून बसे आणि शाई टोकावर सुके. पुढे पुढे हे तिथेच आडवे होत. दुपारभर थकवा असे, झोप काढूनही न जाणारा.

शेतं बघून पिकं लिहायचं जे काम, ज्याला गिरदावरी म्हणतात, ते बाईमाणसाने जाऊन करण्यासारखं नव्हतंच. ते कोतवालाने उचललं. त्याला अक्षरओळख नव्हती. दिवसभर चार गावं फिरून संध्याकाळी मागच्या पायरीखाली बसायचा आणि नंबराने सगळं म्हणून दाखवायचा. कुठे कापूस, कुठे तूर, कोणाची ज्वारी किडीने गेली, कोणाचं पडीत. मी आत उंबऱ्याला लागून बसे आणि लिही. हे मध्ये बसत. लोकांनी पाहिलं तर पटवारी लिहून घेतोय असं दिसावं म्हणून यांच्या मांडीवर एक कोरी वही ठेवलेली असे. दोन वर्षं आम्ही तिघांनी मिळून एक पटवारी चालवला.

त्या दोन वर्षांत मी माहेरी गेले नाही. धाकट्या बहिणीचं लग्न झालं, मी मुलीला ताप आहे असं कळवलं. दोन दिवस जरी गेले असते तरी कागद मागे पडले असते, आणि त्याहून भीती अशी की मी नसताना कोणी यांच्याशी बोलायला बसेल. म्हणून कोणी घरी आलं की मीच पुढे होऊन बोले. 'पटवारीन लय चढेल हाय' असं नाव झालं माझं. दुपारी दाराला आतून कडी लावून लिहीत बसे. बाहेर बायांचा आवाज येई, त्या जात्यावर, पापड लाटताना गप्पा मारत. मला कोणी बोलवेनासं झालं. कधी कधी लिहिता लिहिता दार उघडून नुसतं मोठ्याने ओरडावं असं वाटे. मग यांची चाहूल लागे. "अवं, कोठी हायेस?" मी समोरच असे. उजवीकडे.

मग छप्पन साल आलं. दसऱ्याला नागपूरला दीक्षा होती. आमच्या भागातल्या वस्त्याच्या वस्त्या गेल्या, कोणी रेल्वेने, कोणी बैलगाड्यांनी, कोणी पायी. कोतवालही बायकोला घेऊन गेला. चार-पाच दिवसांनी परत आला तेव्हा पांढरं धोतर आणि पांढरा सदरा घातलेला होता. या खेपेला मागच्या दाराने आला नाही. पुढच्या फाटकातून आला आणि ओसरीच्या काठावर बसला. मी आतून पाहत होते. काही म्हणावं असं माझ्या तोंडी आलं नाही, आणि आज वाटतं, बरं झालं. यांनी त्याला पाहिलं आणि खूश होऊन म्हणाले, "ये ये, बस."

तो मला म्हणाला, "बाई, मी कोतवालकी सोडून राह्यलो. गावची हलकी कामं आता आमी करनार नाई, असं ठरलं आमचं. पुलगावले जाऊन राह्यलो, कामाले."

माझ्या तोंडून निघून गेलं, "मंग आमचं कसं?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. "तुमचं कसं, ते मले नाई सांगता येत बाई. माह्यं कसं, ते आता ठरवलं."

मग त्याने त्या हंगामाची राहिलेली शेतं म्हणून दाखवली. एक नंबर सोडला नाही. ऊन उतरेपर्यंत बसला होता. निघताना यांच्या समोर, अगदी नाकासमोर, उभा राहिला, म्हणजे यांना एकच दिसावा. "येतो साहेब," म्हणाला. हे म्हणाले, "उद्या लवकर येजो."

मी त्याच्यावर पुष्कळ रागावले. आठवडाभर मनातल्या मनात भांडले. पण भांडताना दर वेळी मला पायरीखालचा त्याचा गुळपाण्याचा पेला दिसे, जो मी घरातल्या पेल्यांत कधी मिसळला नव्हता. तो गेला हे बरोबर होतं. त्याला जाता आलं, याचा हेवाही वाटला, हे आज लिहायला हरकत नाही.

त्याच सुमाराला राज्य बदललं. मध्य प्रदेशातून आमचा भाग मुंबई राज्यात गेला, आता कागदही बदलणार असं कानावर येऊ लागलं. जुने कागद मी नमुना पाहून उतरवत होते. नव्याचा नमुना कोण देणार? रब्बीची पिकं पाहायला कोणी नव्हतं. मी मागच्या वर्षीचीच पिकं थोडीफार बदलून लिहिली. खोटं लिहितेय हे मला माहीत होतं. तरी 'श' लांब शेपटीचाच काढत होते.

हिवाळा सरता सरता तपासणीला साहेब आले. वयस्क होते, शांत. ओसरीवर बसले, दप्तर उघडलं, चाळलं आणि यांना एका शेताबद्दल विचारलं. हे हसले. मी दाराआडून उत्तर दिलं. त्यांनी दुसरा प्रश्न विचारला. पुन्हा मीच. तिसऱ्याला ते म्हणाले, "बाई, तुम्ही थांबा." मग नकाशा यांच्यासमोर पसरून म्हणाले, "नाल्यालगतचा हा नंबर दाखवा बरं."

यांनी बोट ठेवलं. नाल्यापासून चार बोटं दूर. उचललं, पुन्हा ठेवलं. एक डोळा झाकायला हात वर गेला आणि मध्येच राहिला, कशाला वर नेला होता ते आठवेना. माझी मुलगी शेजारी उभी होती. तिने बाबांचं बोट धरून बरोबर जागी नेऊन ठेवलं. साहेबांनी चष्मा काढला.

"हे कोण लिहितं?"

मी म्हटलं, "मी लिहितो."

आमच्याकडे बायका स्वतःबद्दल तसंच बोलतात. पण साहेब बाहेरच्या मुलखाचे असावेत. क्षणभर त्यांना वाटलं असेल, दाराआड कोणी पुरुष आहे. मी बाहेर आले. सगळं सांगितलं. रब्बीचं खोटंही सांगितलं. सांगताना मला रडू आलं नाही, उलट अंगावरून ओझं काढून कोणी तरी भिंतीला टेकवून ठेवावं तसं झालं. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "मी यांना डॉक्टरांकडे पाठवतो. नोकरीचं मला वाचवता येणार नाही. बाकी काही वाढवत नाही." दप्तर स्वतः बांधलं आणि गाडीत ठेवून नेलं.

नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी यांच्यासमोर बोट फिरवलं. बोट उजवीकडे गेलं, तसा डावा डोळा थांबला आणि उजवा थरथरला. त्यांनी शिकणाऱ्या मुलांना बोलावलं. दहा-बारा जण ओळीने येऊन पाहून गेले. प्रत्येकासाठी बोट फिरलं, प्रत्येकासाठी डोळा थांबला. हे प्रत्येकाकडे बघून हसत होते. मग डॉक्टरांनी शंभरातून सात वजा करायला सांगितले. "त्र्यान्नव," हे म्हणाले. "त्यातून सात?" बराच वेळ गेला. "त्र्यान्नव." माझे ओठ हलायला लागले तसा डॉक्टरांनी मला हात केला. मी ओठ मिटले. ज्यांना चार गावांची शेतं तोंडपाठ होती ते त्र्याण्णववर उभे होते, आणि मला पुढचा आकडा सांगायची मनाई होती.

डॉक्टर चांगले होते. समजावून बोलले. विजेच्या तारेवर वेष्टण असतं तसं मेंदूतल्या नसांवर असतं, ते जागोजागी उडालंय. म्हणून डोळे एकमेकांचं ऐकत नाहीत आणि विचारही अडखळत जातो. उन्हाने ते वाढतं. इंग्रजी नाव सांगितलं, आपल्याकडे फार पाहायला मिळत नाही म्हणाले. औषध नाही. "यांना स्वतःला याचं फारसं दुःख होत नसतं," ते म्हणाले, "ते हसतात ना, तोही आजाराचाच भाग आहे." मला हे ऐकून धीर यावा अशी त्यांची इच्छा होती.

आम्ही आंजीला आलो, मोठ्या दिरांच्या घरी. त्यांनी गोठ्यालगतची खोली रिकामी करून दिली. माणसं वाईट नव्हती, दोन वेळ जेवायला मिळत होतं, मुलगी चुलतभावंडांत रमली. पण खोलीला एकच दार, आणि त्या दारातून मी फार तर विहिरीपर्यंत जाई. यांचे पाय आता लटपटत होते. लघवीचं भान जात चाललं होतं. सकाळी डोळे पुष्कळ साफ असत, दुपारी अंधार. त्यावरून जाऊबाई म्हणत, "सकाळी दिसते, दुपारी नाई दिसत, हे कसलं आंधळेपन? सोंग तं नाई?" त्यांना वेष्टणाचं सांगून पाहिलं. त्यांनी ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच म्हटलं.

हे आनंदात होते. तेच मला सोसत नव्हतं. मी पाठीचा काटा ढिला होईस्तोवर कपडे धुवावेत आणि यांनी बाजेवर बसून हसावं. मुलीला गोष्ट सांगायला घेत, तीच सुरुवात तीनदा. दुःख करायचं सगळं काम माझ्या एकटीच्या वाट्याला आलं होतं.

आता जे लिहिते ते मी कोणाला सांगितलेलं नाही. दुसऱ्या उन्हाळ्यातली गोष्ट. सकाळी यांची बाज मी अंगणात लिंबाच्या सावलीत टाकली होती. ऊन सरकलं की बाज सरकवायची, हा रोजचा नेम. घरातली सगळी शेजारच्या गावी लग्नाला गेली होती, मुलगीही. मी चुलीपुढे बसले होते. सावली सरकली, ते मला दिसत होतं. मी उठले नाही. यांनी हाक मारली, "अवं." मी उठले नाही. "अवं, अंधार झाला का?" मी विळीवर हात ठेवून बसून राहिले. किती वेळ, सांगता येत नाही. भाकरी करपल्याचा वास आला तेव्हा भानावर आले आणि धावले. यांचं अंग तापलं होतं, ओठ कोरडे, डोळे उघडे आणि कुठेच न बघणारे. हात पुढे करून चाचपडत होते. बाज ओढली, ओली चादर टाकली, डोक्यावर घागर ओतली. आणि हे, ओले चिंब, हसले.

त्या हसण्याने माझा तोल गेला. मी खांदे धरून हलवलं. "तुमाले काईच वाटत नाई का? माह्यं आयुष्य गेलं अठी, तुमाले दुःख होत नाई का? बोला ना!"

हे माझ्या आवाजाकडे पाहत राहिले. मी लाजले. अंग पुसलं, कोरडं धोतर नेसवलं, आत आणून निजवलं.

दिवेलागणीला मी यांना भरवत होते. घरची मंडळी परत आली होती, अंगणात बैलगाडीतून भांडी उतरत होती. चार-पाच घास झाले. सहावा घास यांनी तोंडाशी आला तरी घेतला नाही. म्हणाले, "होते ना."

"काय?"

"दुःख. होते." मध्ये इतका वेळ गेला की मी घास परत ताटात ठेवला. "पन ते येते आन चाल्लं जाते. पकडून ठेवता येत नाई. तुले पकडता येते, म्हनून तुले जास्त."

दुपारी विचारलेलं त्यांनी दिवसभर कुठे तरी धरून ठेवलं होतं. मग जरा वेळाने, "उनात तू आली नाई."

मी म्हटलं, "नाई आली."

"मले वाटलं, तू गेली. माहेरी." पुन्हा थांबले. "जाजो तू. पोरीले घेऊन जाजो."

"आन तुमी?"

याचं उत्तर आलं नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. मी वाट पाहिली. त्यानंतर मी यांच्याशी बोलायची पद्धत बदलली. सकाळी एकच गोष्ट विचारायची आणि दिवसभर मोकळं सोडायचं. कधी दुपारी उत्तर येई, कधी दुसऱ्या दिवशी, पुष्कळदा येतच नसे. खोली तीच होती, दार एकच होतं, मी गेले कुठेच नाही. पण डॉक्टर म्हणाले होते ते अर्धंच खरं आहे, एवढं मला कळलं. ते कळल्याने सोपं झालं असं मात्र नाही. हसणाऱ्या माणसावर रागावता तरी येत होतं.

त्याच्या पुढच्या पावसाळ्यात छातीत कफ भरून हे गेले. गिळणंही अडखळू लागलं होतं. शेवटचे दोन दिवस डोळे उघडत नव्हते. वयाची छत्तिशीही नव्हती. तेरावं झाल्यावर मोठ्या दिरांनी मला समोर बसवून विचारलं, "आता तुह्या मनात काय हाय?" दिरांनी मला असं सरळ विचारण्याची ती पहिलीच वेळ. मी विचार करू लागले. काहीच सुचेना. ते थांबले, पानाला चुना लावला, सुपारी फोडली. अंगणात मुलगी भावंडांना चिखलातून पळवत होती, तिचा आवाज येत होता.

शेवटी ते म्हणाले, "बरं, काई घाई नाई. सावकाश सांगजो."